कोलंबसमध्ये ९०,००० डॉलर पगारात भाड्याचे घर

नमस्कार. तुम्ही विचारले आहे की पुण्याहून ओहायोतील कोलंबस येथे नोकरीसाठी येताना वार्षिक पगार ९०,००० डॉलर, कार्यालय डब्लिन उपनगरात, सोबत पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी, अशा परिस्थितीत दोन बेडरूमचे १,७०० डॉलर भाड्याचे अपार्टमेंट झेपेल का, आणि वर्षभरात स्वतःचे घर घ्यावे का. भाडे झेपेल, मात्र हात आखडता ठेवावा लागेल. घराचा विचार पहिल्या वर्षी तरी करू नका.

आधी पगाराचे पाहू. महिन्याला ७,५०० डॉलर हा आकडा कागदावरचा आहे. त्यातून संघराज्याचा आयकर, सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा आरोग्यविमा) या दोन्हींची मिळून ७.६५ टक्के कपात, ओहायो राज्याचा कर आणि शहराचा स्वतंत्र आयकर वजा होतो. कुटुंबाच्या आरोग्यविम्याचा हप्ता आणि निवृत्तिनिधीत थोडीशी रक्कम गेली की हातात साधारण ५,००० ते ५,५०० डॉलर येतात. येथील सरकारी व्याख्येप्रमाणे घरावरचा खर्च एकूण उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपलीकडे गेला की कुटुंब घरखर्चाच्या ओझ्याखाली आहे असे मानतात. त्या मोजमापाने तुमची मर्यादा २,२५० डॉलर येते आणि १,७०० डॉलर स्वस्त वाटतात. परंतु हे मोजमाप कर कापण्यापूर्वीच्या उत्पन्नावर आहे, आणि घर चालते हातात येणाऱ्या पैशांवर. त्या हिशेबाने जवळजवळ एक तृतीयांश रक्कम नुसत्या भाड्यात जाते.

आणि १,७०० हा आकडाही पुरा नसतो. जाहिरातीत दिसते ते मूळ भाडे. लीजच्या, म्हणजे भाडेकराराच्या, मागच्या पानांवर कचरा दारातून उचलण्याचे शुल्क, कीटकनियंत्रणाचे शुल्क, व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलाव यांसाठीचे शुल्क, गॅरेज हवे असल्यास त्याचे वेगळे भाडे, अशा बारीकसारीक ओळी असतात आणि त्यांतल्या बहुतेक ऐच्छिक नसतात. कोलंबसमध्ये आणखी एक भानगड आहे: अनेक संकुलांत वीज आणि पाण्याचे बिल थेट वीज कंपनीकडून किंवा महापालिकेकडून न येता मधल्या एका खासगी कंपनीकडून येते आणि तिचे स्वतःचे मासिक शुल्क त्यात मिसळलेले असते. म्हणून सही करण्याआधी संकुलाच्या कार्यालयातल्या बाईंना एवढेच विचारा की सर्व सक्तीची शुल्के धरून दरमहा किती पडेल आणि जानेवारीत बिल साधारण किती येते. हीटर गॅसवर आहे की विजेवर, यावर हिवाळ्याचे बिल बरेच बदलते. एवढे सारे धरले की १,७०० चे सहज १,९५० ते २,००० होतात. उलट बाजूने, नव्या इमारतींत ‘एक महिना मोफत’ अशी सवलत दिली जाते. ती बाराने भागून खूश होऊ नका, कारण पुढच्या वर्षीची वाढ मूळ भाड्यावर लागते. वाढीला कायद्याचा लगाम नाही. शहरांनी भाडेनियंत्रण आणण्यावर ओहायोने २०२२ मध्येच बंदी घातली आहे.

आता पत्त्याविषयी, कारण कोलंबसमध्ये खरा गुंता तिथेच आहे. येथे टपालाचा पत्ता, महापालिकेची हद्द आणि शाळेचा जिल्हा (मूल कोणत्या सरकारी शाळांत जाईल हे ठरवणारा विभाग) या तीन गोष्टी जुळतातच असे नाही. सॉमिल रोडच्या परिसरात अशी संकुले आहेत ज्यांच्या पत्त्यात ‘डब्लिन’ लिहिलेले असते, पण जमीन कोलंबस शहराच्या हद्दीत असते आणि मुले मात्र डब्लिनच्या शाळांत जातात. १९८६ साली कोलंबसच्या आणि उपनगरांच्या शाळा-जिल्ह्यांत जो करार झाला, त्यामुळे शहराने हद्द वाढवली तरी शाळांच्या सीमा बऱ्याच ठिकाणी जागच्या जागी राहिल्या. तुमच्यासारख्या कुटुंबाला हा भाग सोयीचा आहे: शाळा डब्लिनची, आणि भाडे अनेकदा खुद्द डब्लिनच्या हद्दीतल्या नव्या संकुलांपेक्षा कमी. फक्त कर लक्षात ठेवा. डब्लिनचा आयकर २ टक्के, कोलंबसचा २.५ टक्के. डब्लिनमध्ये काम करून कोलंबसच्या हद्दीत राहिलात तर वरचा अर्धा टक्का, म्हणजे वर्षाला ४५० डॉलर, कोलंबसला द्यावा लागतो आणि कंपनी तो आपणहून कापेलच असे नाही. कोणता पत्ता कोणत्या हद्दीत येतो ते फ्रँकलिन काउंटीच्या (कोलंबस ज्या जिल्ह्यात येते त्याच्या) ऑडिटरच्या, म्हणजे मालमत्तांची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, संकेतस्थळावर पत्ता टाकून पाहता येते. जाहिरातीतल्या ‘उत्तम शाळा’ या शब्दांवर विसंबू नका.

स्वस्त म्हणून फार लांबचे घरही घेऊ नका. कोलंबसला प्रवासी रेल्वे नाही. १९७९ पासून येथे गाडी थांबलेली नाही. बस आहे, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी तिच्या विस्तारासाठी विक्रीकर वाढवायलाही मान्यता दिली, पण उपनगरातून उपनगरात बसने नोकरी करणे आज व्यवहार्य नाही. हप्ता, विमा आणि पेट्रोल धरून एका मोटारीला महिन्याला ६००–७०० डॉलर लागतात. लांब राहून भाड्यात २०० डॉलर वाचवले आणि त्यापायी दुसरी मोटार घ्यावी लागली, तर वाचवलेले सगळे पाण्यात गेले. घरून काम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

पहिले लीज मिळवताना अडचण येते ती क्रेडिट स्कोअर नसल्याची. बहुतेक संकुले भाड्याच्या तिप्पट मासिक उत्पन्न मागतात. ते तुमच्याकडे आहे. नियुक्तिपत्र, पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून काम होते, क्वचित जास्तीचे डिपॉझिट मागतात. पुण्यातल्यासारखी महिनाभराच्या भाड्याची दलाली येथे भाडेकरूला सहसा द्यावी लागत नाही. अर्जाचे शुल्क मात्र परत मिळत नाही, म्हणून चार ठिकाणी एकदम अर्ज करू नका. ताबा घेताना गालिच्यावरचे डाग, ओव्हनचा आतला भाग, खिडक्यांच्या जाळ्या यांचे फोटो काढून ठेवा. घर सोडताना नवा पत्ता लेखी द्यावा. तो दिलेला असेल तर ओहायोच्या कायद्याप्रमाणे घरमालकाने ३० दिवसांत डिपॉझिट किंवा कपातीचा तपशीलवार हिशेब द्यायचा असतो, आणि अन्यायाने पैसे अडवले तर तेवढ्याच जास्तीच्या रकमेसाठी दावा करता येतो.

राहिला घर विकत घेण्याचा प्रश्न. ४,००,००० डॉलरचे घर धरा. ८०,००० रोख भरून उरलेल्या ३,२०,००० वर साडेसहा टक्क्यांनी ३० वर्षांचे कर्ज घेतले तर हप्ता सुमारे २,०२० डॉलर येतो. येथील मालमत्ता कर जबर आहे. किमतीच्या दोन टक्के धरला तरी महिन्याला सुमारे ६६७ डॉलर. विमा धरून २,८०० च्या घरात जाते, दुरुस्ती वेगळी. २०२१ मध्ये तीन टक्क्यांनी कर्ज घेतलेले लोक आपली घरे सोडायला तयार नाहीत, त्यामुळे विक्रीला येणारी घरे थोडी. शिवाय इंटेलने २०२२ च्या जानेवारीत जवळच २० अब्ज डॉलरच्या कारखान्याची घोषणा केली तेव्हापासून त्या बाजूला जमिनीचे भाव चढले. कारखाना मात्र २०३०-३१ पर्यंत ढकलला गेला आहे. त्या आशेवर घर घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो देणाऱ्याचे कमिशन त्यात किती आहे ते पाहा.

तुम्ही एच-१बी व्हिसावर येत आहात, म्हणजे नोकरी गेली तर नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला हाती जास्तीत जास्त ६० दिवस असतात. मुदतीआधी लीज मोडायला साधारण दोन महिन्यांचे भाडे द्यावे लागते. ही अट लीजमध्ये नेमकी काय आहे ते वाचा आणि तेवढी रक्कम पहिल्या सहा महिन्यांत वेगळ्या खात्यात जमवून ठेवा.