'रेफ्रिजरेटर बाउल' नावाचा सामना खरंच होता का?

हो, खरंच होता: १९४८ ते १९५६, इंडियानातल्या इव्हान्सव्हिल गावी, दर डिसेंबरात लहान कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलचा ('बाउल' म्हणजे तिथे हंगाम संपल्यावरचा खास सामना). नाव थंडीवरून पडलं असेल असं वाटतं, पण ते कारखान्यांवरून आहे. सर्व्हेल आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर या कंपन्या तिथे फ्रीज बनवायच्या आणि गाव स्वतःला फ्रीजची राजधानी म्हणवून घ्यायचं. मैदान मात्र एका हायस्कूलचं, टेकडीच्या उतारात बसवलेलं राइट्झ बाउल. पहिल्याच वर्षी घरच्या इव्हान्सव्हिल कॉलेजने मिझुरी व्हॅली कॉलेजला १३-७ हरवलं (यजमानांनी सोय बघितली म्हणा हवं तर!). फक्त याला राष्ट्रीय अजिंक्यपद समजू नका. हा निमंत्रितांचा सामना होता.