दुर्बिणीत काहीच दिसत नाही, तरी पोट टम्म का होतं?

प्रश्न : वय ३४. दोन वर्षांपासून अर्धी भाकर खाल्ली की पोट टम्म होतं, पुढे घास जात नाही. दुर्बिणीची तपासणी नॉर्मल आली. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी लिहून दिली, पण औषध दुकानदार म्हणाला, ‘ही तर डोक्याची गोळी.’ तेव्हापासून घरात ‘हिला काही झालं नाही, नाटकं करते’ असं सुरू आहे. मी गोळी बंद केली. चिनी पद्धतीच्या सुयांनी गुण येतो म्हणतात. गुपचूप जाऊन येऊ का?
– एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर : ताई, जा, पण गुपचूप नको. आधी हे पक्कं समजून घ्या की तुमचा आजार खरा आहे. त्याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात. दुर्बिणीतून जखम, गाठ, सूज दिसते. जठराचं काम कसं चाललंय ते दिसत नाही. मोटर उघडली तर सगळे भाग शाबूत, पण पाणी चढत नाही, तसला हा बिघाड. जेवण उतरताना जठराचा वरचा भाग सैल पडून जागा करून देतो. तो सैल पडला नाही की चार घासांतच पोट भरतं. शिवाय तिथल्या नसा हळव्या झालेल्या असतात, त्यामुळे पोट थोडं ताणलं तरी दुखतं.

ती गोळी बहुधा ॲमिट्रिप्टिलीन असावी. चिठ्ठीवर नाव पाहा. उदासीनतेच्या आजारात ती सहसा ७५ ते १५० मिलिग्रॅम देतात, पोटासाठी रात्री १० ते २५. एवढ्या कमी मात्रेत ती पोटाच्या हळव्या नसा शांत करते. सुरुवातीला झोप आणि तोंडाला कोरड येते, गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. बरेच जण त्याआधीच सोडतात आणि ‘गोळी लागू पडली नाही’ म्हणतात. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि समजा ती मनाच्या आजारासाठी दिली असती, तरी त्यात लाजण्यासारखं काय होतं?

दुर्बिणीच्या वेळी तुकडा काढून एच. पायलोरी या जंतूची तपासणी झाली होती का, हेही विचारा. नसेल तर शौचाची तपासणी होते. त्याआधी पॅन्टोप्राझोलसारख्या ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद हवीत, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट ‘नाही’ येतो. एकेकाळी अल्सरसुद्धा ‘टेन्शनचा’ म्हणून रुग्णाच्याच माथी मारला जाई. ऑस्ट्रेलियाच्या मार्शल आणि वॉरन या डॉक्टरांनी १९८२ साली बऱ्याच अल्सरमागचा हा जंतू वेगळा काढला, २००५ साली त्यांना नोबेल मिळालं.

आता सुया. चिनी वैद्यकात या त्रासाला प्लीहा आणि जठर दुबळं पडणं म्हणतात. राग-काळजीने यकृताचा जोर जठरावर पडतो, असंही ते मानतात. म्हणजे मनस्ताप हा तिथे निदानाचाच भाग, ‘नाटक’ नव्हे. ही मांडणी आधुनिक शरीरशास्त्राशी जुळत नाही. पण जेवणानंतर पोट भरल्यासारखं वाटण्यावर अॅक्युपंक्चरचा, म्हणजे या सुयांचा, उपयोग चीनमधल्या चाचण्यांत दिसला आहे. तिथे आठवड्यातून तीनदा, चार आठवडे सुया दिल्या होत्या. एकदा टोचून घेऊन निकाल लावू नका.

सुई केसासारखी बारीक असते. सीलबंद, एकदाच वापरायची सुई तुमच्यासमोर फोडायला सांगा. उकळून पुन्हा वापरत असतील तर उठून या. उपाशीपोटी गेलात तर भोवळ येऊ शकते, म्हणून तास-दीड तास आधी हलकं खा. महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरचा कायदा २०१५ साली झाला, तेव्हा नोंदणी विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

सुई नको असेल तर बोटाने दाबा. गुडघ्याच्या वाटीखाली आपलीच चार बोटं आडवी मोजा, तिथून नडगीच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूला एक बोट सरका. अंगठ्याने दोन-तीन मिनिटं, बोथट दुखेल इतपत दाबायचं, दोन्ही पायांवर. गरोदरपणात मात्र सुया आणि दाब दोन्ही डॉक्टरांना विचारूनच.

सासरी हसले तर त्यांना सांगा : १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरच्या कोटणीसांबरोबर आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. त्याच पथकातले डॉ. बसू पुढे चीनमध्ये सुयांची ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात सुरू केली.

सगळ्यांची ताटं उचलून रात्री दहाला जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं, असं होत असेल तर ते थांबवा. आठपर्यंत जेवा, भाकर दोनऐवजी चार वेळांत वाटून खा. यात घरच्यांनीच हातभार लावायला हवा.

प्रश्न : आठवडी बाजारातून पोटाची ‘चिनी पुडी’ घेतो. गुण आहे. बीपीची गोळीही चालू आहे. डॉक्टर रागावतील म्हणून सांगितलं नाही.
– एक शेतकरी, पुसद तालुका

उत्तर : पुडी आजच बंद करा आणि रिकामं पाकीटसुद्धा डॉक्टरांना दाखवा. पोटाच्या अनेक चिनी काढ्यांत ज्येष्ठमध असतो. तो रोज पोटात गेला की रक्तातलं पोटॅशियम घटतं आणि बीपी वाढतो. मग डॉक्टर बीपीची गोळी वाढवत बसतात. नाव-पत्ता नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड किंवा दुखणं मारणारं औषध मिसळलेलं सापडतं. पटकन आराम पडण्याचं कारण तेच असू शकतं. आठवडे-महिने घेत असाल तर स्टेरॉइड एकदम तोडणंही धोक्याचं, म्हणून पुडी थांबवली त्याच दिवशी दवाखान्यात जा. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन घटवण्याच्या गोळ्यांत चुकीची चिनी वनस्पती गेली आणि अनेक बायकांची किडनी निकामी झाली. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खात असाल तर तोही सोडा.

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे. तीन महिन्यांत अंग उतरलं, शौच काळं होतं. गावात म्हणतात, कुणीतरी पोटात काही घातलं. आधी उतारा करावा की सुया?
– एक वाचक, मेहकर तालुका

उत्तर : दोन्ही नको, आधी दुर्बीण, तीही याच आठवड्यात. या वयात वजन घटणं, काळं डांबरासारखं शौच, घास अडकणं, रक्ताची उलटी यांपैकी एकही गोष्ट असेल तर वाट पाहायची नाही. चक्कर किंवा रक्ताची उलटी झाली तर त्याच रात्री दवाखाना. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं. चालू असतील तर सांगा, पण तेवढ्यावर तपासणी टाळू नका. अंगदुखीच्या गोळ्या घेतात का, हेही सांगा. जठराची जखम बऱ्याचदा त्यांनीच होते. तपासणीच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा. घशाला बधिर करण्याचा फवारा मारतात, त्यामुळे नंतर तासभर पाणीही देऊ नका, ठसका लागतो.