खेड्यातल्या मंडळीला शिळं वाढू नकोस

प्रिय बाळ,

जय ख्रिस्त. खेड्यातल्या चर्चचा पाळक म्हणून तू लिहिलेलं पत्र मिळालं. 'बायबलसाठी ग्रीक शिकलो ते या मूठभर घरांपुढे काय कामाचं?' हे वाचून वाईट वाटलं, आणि रागही आला.

अमेरिकेतला पाळक लेम्युएल हेन्स, हे नाव तुझ्या कानावर आलं नसेल. जन्म 1753 चा, कनेक्टिकटचा. बाप आफ्रिकन, आई गोरी, दोघांनीही टाकलं. पाच महिन्यांचं ते पोर मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनव्हिलला एका शेतकरी डीकनाच्या, म्हणजे चर्चच्या सेवकाच्या, घरी करारानं बांधलं गेलं. एकविसाव्या वर्षापर्यंत राबायचं. दिवसा शेत, रात्री चुलीच्या उजेडात वाचन. शनिवारी संध्याकाळी घरच्यांना छापील उपदेश वाचून दाखवायचं काम त्याच्याकडे असे. एकदा त्यानं पुस्तकात स्वतः लिहिलेला उपदेश सरकवला आणि वाचला. डीकनानं विचारलं, कुणाचा रे हा, त्या नामांकित उपदेशक व्हाइटफील्डचा? पोरगा ओशाळला. थोड्या वेळानं म्हणाला, माझाच.

ऐकायला होतं कोण? एका शेतकऱ्याचं घर! त्यांच्यासाठी त्यानं एवढी मेहनत घेतली. तूही खेड्यातल्या मंडळीला शिळं वाढू नकोस.

पुढे तो आसपासच्या पाळकांकडे लॅटिन आणि ग्रीक शिकला. 1785 मध्ये पाळक म्हणून दीक्षा झाली. 1788 पासून व्हर्माँटमधल्या रटलंडची, जवळजवळ सगळी गोरी मंडळी त्यानं 30 वर्षं सांभाळली. 1804 मध्ये मिडलबरी कॉलेजनं मानद एम.ए. दिली, अमेरिकेत कृष्णवर्णीयाला मिळालेली ती पहिलीच. तरी तो रटलंडलाच राहिला. 1818 मध्ये त्याच मंडळीनं त्याला पाळकपदावरून दूर केलं. त्यानंतरही 1833 मध्ये मरेपर्यंत तो उपदेश करतच होता.

मलाही शहरातून बोलावणं आलं होतं. गेलो नाही. मुलांच्या शिक्षणाची आबाळ झाली, ती खंत जात नाही. सासरचे अजून बोलून दाखवतात. पण खुरपणीला जाणारी एक बाई भर उन्हात मला बांधावर अडवून बायबलमधल्या याकोबाबद्दल विचारते, 'पाळकसाहेब, आशीर्वाद मिळाल्यावरही याकोब लंगडतच का गेला?' अशांपुढे काहीबाही बोलून वेळ मारून न्यायची? मी थांबलो ते बरोबरच केलं. कुणी काही म्हणो.

शनिवारी रात्री मोबाइलवरून उपदेश उतरवून घेतोस, असं तूच लिहिलंयस. ते आधी बंद कर. आजाऱ्यांची घरं, शेतं फिरून ये, मग लिहायला बस. शिळं नको, बाळा. येत्या रविवारचा उपदेश स्वतःच्या हातानं लिही आणि टपालानं मला पाठव. खाडाखोड चालेल.

तुझा,
जुना पाळक