गिंप या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरने आता तरी नाव बदलावं का?

माझ्या मते, नको. इंग्रजीत हा शब्द अपंग माणसाला हिणवायला वापरतात, त्यामुळे शाळा-ऑफिसात अडचण होते, हा आक्षेप खोटा नाही. पण आमच्या दारव्ह्याकडे पोळ्याचे फ्लेक्स करणाऱ्या पोराला त्याचं सोयरसुतक नाही. बैलजोडीचा फोटो, शिंगांच्या बेगडाभोवती पाथ टूलने बारीक कटिंग, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून अर्ध्या गावाचे चेहरे. अडलं की ‘थांबा न भाऊ’ म्हणतो आणि यूट्यूबवर ‘गिंप’ टाकून शोधतो. इतक्या वर्षांचे ते व्हिडिओ नव्या नावाखाली कोण परत करणार?

वेगळ्या नावाचा प्रयोग झालाच की. २०१९ मध्ये काहींनी गिंपचाच कोड घेऊन ‘ग्लिम्प्स’ काढलं, २०२१ मध्ये थांबवलं. काम करणारे हातच पुरले नाहीत.

नाव बदललेल्या वायरशार्क या नेटवर्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचं उदाहरण देतात, पण ती गोष्ट निराळी. त्याचं आधीचं नाव इथेरियल; त्याच्या मूळ लेखकाने नोकरी बदलली, ट्रेडमार्क जुन्या कंपनीकडे राहिला, म्हणून २००६ मध्ये नाव बदलावंच लागलं. गिंपवर तशी सक्ती नाही. शाळेत फारच खटकत असेल तर डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटचं नाव ‘चित्रकला’ करून टाका, लायसन्स काही आडवं येत नाही.