एमएच-१२ च्या आधीचे नंबर : वाचकांचे प्रश्न

गाड्यांना लावायच्या नव्या सुरक्षा नंबरपाट्यांच्या (एचएसआरपी) निमित्ताने घरोघरची जुनी आरसी बुकं कपाटाबाहेर आली आणि त्यांच्याबरोबर शंकाही. बहुतेक पत्रांत तोच घोळ आहे, की जुना नंबर आता खोटा किंवा रद्द, आणि तो बहुधा एजंटाने किंवा एखाद्या फॉरवर्डने घातलेला आहे. म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

वडिलांच्या फियाटवर तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे चार आकडे आहेत. ‘एमएच’ही नाही, जिल्ह्याचा आकडाही नाही. नंबर खोटा आहे का? (ठाणे)

खोटा नाही, जुना आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या काळात नंबर असेच मिळत. अक्षरांवरून राज्य कळायचं. कार्यालय कोणतं, हे मालिका पाठ असलेल्या माणसालाच सांगता यायचं. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्या बदलात राज्याची दोन अक्षरं व कार्यालयाचा दोन आकडी क्रमांक आला.

‘बी’ने सुरू होणाऱ्या नंबरची मोटारसायकल घेतोय. विकणारा म्हणतो, मुंबई राज्याच्या काळातली आहे, म्हणून किंमत जास्त. (सातारा)

‘बी’ मुंबईचा, एवढं खरं. पण नंबरवरून सन काढायचा हा धंदा मला मान्य नाही. आरसी बुकातली पहिल्या नोंदणीची तारीख आणि उत्पादनाचं वर्ष बघा, चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून बुकाशी ताडून घ्या. जुनी दिसणारी पाटी कुठलाही पेंटर रंगवून देतो. बुक ‘गावाकडे राहिलंय’ असं उत्तर आलं तर बयाणा देऊ नका, आणि बुक हातात आलं तरी आरटीओत खात्री केल्याशिवाय व्यवहार पुरा करू नका.

पुण्याला १२ च का? लोकसंख्येप्रमाणे नंबर दिले असं वाचलं. (पुणे)

लोकसंख्येप्रमाणे दिले असते तर सिंधुदुर्ग सातवा आणि नागपूर एकतिसावं आलं असतं का? असले फॉरवर्ड पाठवण्याआधी नकाशा उघडावा.

क्रम नकाशातच दिसतो. ०१ ते ०३ मुंबई, मग ठाणे, कल्याण, रायगड, सिंधुदुर्ग, रत्नागिरी. ०८ ला कोकण संपतं. मग घाट चढून कोल्हापूर ०९, सांगली १०, सातारा ११, पुणे १२, सोलापूर १३, पिंपरी-चिंचवड १४. तिथून नाशिक १५, नगर १६, श्रीरामपूर १७, आणि धुळे-जळगाव १८-१९. २० ते २६ मराठवाडा, २७ ते ३० अमरावती विभाग, ३१ ते ३६ नागपूर विभाग. म्हणजे महसुली विभाग एकापाठोपाठ एक.

घडी मोडते ती ३६ च्या पुढे. वाशीम ३७, हिंगोली ३८, नंदुरबार ३९: हे तिन्ही जिल्हे १९९८-९९ मधले. धुळ्यातून निघालेल्या नंदुरबारला धुळ्याशेजारचा आकडा कुठून मिळणार, तो केव्हाच जळगावला गेलेला. त्यानंतर जसं कार्यालय तसा पुढचा आकडा. म्हणून बारामती ४२, नवी मुंबई ४३, पनवेल ४६, कराड ५०.

आणि ‘एमएच-१२ म्हणजे अस्सल पुणेकर’ हेही सोडा. राज्यातल्या राज्यात पत्ता बदलला तर नंबर तोच राहतो. पासिंग पुण्याचं आणि गाडी दहा वर्षं लातुरात, हे रोजचं आहे.

औरंगाबादचं नाव बदललं, मग एमएच-२० बदलणार का? (छत्रपती संभाजीनगर)

नाही.

म्हापशाच्या घरातल्या स्कूटरचा नंबर ‘जीडी’ने सुरू होतो. ती पुण्याला आणून वापरायची आहे. (पुणे)

गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता, त्या काळातली ती अक्षरं. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं, पुढे ‘जीए’ आलं. म्हापशाचा क्रमांक जीए-०३. आता मुद्द्याचं. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे ‘जीडी’ गेलाच. नंबरावर जीव असेल तर स्कूटर टेम्पोत चढवण्याआधी दोन्हीकडच्या आरटीओंत विचारा. आणल्यानंतर विचारलेलं फारसं उपयोगी पडत नाही.

पूर्वीसारखी काळी पाटी, पांढरी अक्षरं लावली तर? (नाशिक)

दंड. काळ्यावर पिवळी अक्षरं आज स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाड्यांना असतात.

चार-एक-चार-एक नंबर घेतलाय. तो ‘दादा’ दिसेल असा लिहिला तर चालेल ना? आकडे तर तेच आहेत. (सांगली)

चालणार नाही. अक्षरं इंग्रजी, आकडे साधे, ठरलेल्या मापाचे. कॅमेऱ्याला आणि हवालदाराला वाचता यावेत म्हणून. पसंतीच्या नंबराची फी तुम्ही आकड्यांसाठी भरलीत, सुलेखनासाठी नाही.

‘बीएच’ म्हणजे बिहार का? (जालना)

बिहार ‘बीआर’. ‘बीएच’ ही २०२१ पासूनची भारत मालिका. बदलीच्या नोकरीवाल्यांसाठी, ठरावीक अटींवर.

१९८४ ची गाडी आहे, तीन अक्षरी नंबर. सुरक्षा पाटी ऑनलाइन मागवताना गाडी सापडतच नाही. एजंट म्हणतो, जुने नंबर रद्द झालेत, नवा घ्या, मी करून देतो. (कोल्हापूर)

याच पत्राची वाट बघत होतो, कारण अशी पत्रं थांबतच नाहीत.

एजंटाला विचारा, कुठल्या आदेशाने रद्द झाले? कागद दाखव. तो दाखवणार नाही. गाडी पोर्टलवर सापडत नाही याचा अर्थ नंबर मेला असा होत नाही. तुमची नोंद अजून कागदी रजिस्टरात असेल आणि ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत चढवलेलीच नसेल. ती चढवून घेण्याला बॅकलॉग एंट्री म्हणतात आणि ते काम आरटीओचं आहे. मूळ बुक, चेसिस नंबराचा ठसा आणि कर भरल्याच्या पावत्या घेऊन स्वतः जा, अर्ज द्या, पोच घ्या.

पण त्याआधी एक तारीख बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर वेळी पाच वर्षांचं नूतनीकरण. १९८४ च्या गाडीचं ते किती वेळा व्हायला हवं होतं, मोजा. बहुतेकांची गाठ इथेच बसते: नूतनीकरण राहिलेलं, पर्यावरण कर थकलेला, गाडी अजून आजोबांच्या नावावर, आजोबा हयात नाहीत. मग ‘सगळं एकदम करतो’ म्हणणारा माणूस देवासारखा वाटतो आणि त्याच्या सोयीसाठी नंबर जातो. वारसाचं नाव, नूतनीकरण, एंट्री आणि शेवटी पाटी, असा साधारण क्रम धरा. तुमच्या कागदांना तो लागू होतो का, हे आरटीओत दाखवूनच ठरवा.

पाटीची मूळ मुदत ३१ मार्च २०२५ होती, ती पुढे ढकलत गेली म्हणून लोक निवांत बसले. दुचाकीला ४५० रुपये आणि कारला ७४५ रुपये, वर जीएसटी, हा सरकारी दर. पैसे भरण्याआधी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच पुढे जा. हुबेहूब दिसणारी बनावट पानं फिरत आहेत. आणि मूळ बुक कोणाच्याही हाती सोपवू नका, झेरॉक्स द्या. हरवलेल्या बुकाची दुय्यम प्रत काढायला जुनं रजिस्टर सापडावं लागतं, आणि चाळीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर कुठल्या अवस्थेत असेल याची कल्पना करा.

गाडी पन्नास वर्षांची झाली. ‘व्हीए’ मालिका घ्यावी का? (नागपूर)

जुन्या नंबराची नोंदणी शाबूत असेल तर तोच ठेवता येतो. ‘व्हीए’ ही २०२१ च्या नियमांतली, विंटेज गाड्यांच्या नव्या नोंदणीची मालिका. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. शिवाय विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोज भाजी आणायला काढता येत नाही, आणि मूळ रचनेत मोठे बदल झाले असतील तर ती त्यात बसतच नाही. तुमच्या पत्रात डिझेल इंजिन बसवल्याचा ओझरता उल्लेख आहे. फी भरण्याआधी तेवढं आरटीओच्या निरीक्षकाला दाखवा.