उष्टावणानंतर काय भरवायचं?

अगं, बाळाला सहा महिने पूर्ण झालेत, मान सावरतोय, आधाराने बसतोय, मग कर सुरुवात. मंडईतून लाल भोपळा आण, वाफवून मऊ कुस्कर, आधी दोन-तीन चमचेच. नवा पदार्थ एका वेळी एकच. पुरळ, उलट्या होतात का ते दोन-तीन दिवस बघ. पेज, खिचडी चमच्यावरून ओघळणार नाही इतकी दाट हवी. नुसत्या वरणाच्या पाण्याने पोट भरतं, अंगी लागत नाही! वर्षापर्यंत मीठ-साखर नको. मध तर बोटभरही नको, सासूबाई कितीही म्हणाल्या तरी. त्यातून बोटुलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणारा गंभीर आजार, होऊ शकतो. अख्खे शेंगदाणे, द्राक्षं घशात अडकतात. बसवूनच भरव, त्याने तोंड फिरवलं की थांब. अंगावरचं दूध चालूच ठेव.