बेसमेंटमधे रेडॉन ९ आलाय, घर सोडून देऊ का?

प्रश्न: न्यू जर्सीत घर घेतोय, इन्स्पेक्शनमधे बेसमेंटचा रेडॉन लिटरभर हवेत ९ पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) आला. सेलर म्हणतो खिडक्या उघड्या ठेवा, बास. नवऱ्याचं वर्क फ्रॉम होम तिथेच असणारे, शिवाय सासूसासरे सहा महिने येणार ते खालच्याच खोलीत राहतील, सासरे सिगरेट ओढतात. काय करू?
— एक वाचक

उत्तर: ताई, घर आवडलंय ना, मग सोडू नका, पण सेलरचं ऐकूही नका. रेडॉन हा किरणोत्सर्गी गॅस जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होतो, वास नाही रंग नाही, स्लॅबच्या भेगांतून, संप पंपाच्या (बेसमेंटमधलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या) खड्ड्यातून घरात शिरतो. थंडीत घरातली गरम हवा वर जाते आणि खालून हा गॅस ओढला जातो, म्हणजे नेमकं खिडक्या बंद असतात तेव्हाच जास्त, मग जानेवारीत काय उघडणार?

अमेरिकेत ४ पिकोक्युरीला दुरुस्ती करा म्हणतात, तुमचं दुपटीच्या वर आहे. रेडॉनमुळे फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे आधी खाणकामगारांवरून कळलं, घरांचं नंतर. १९८४ मधे शेजारच्याच पेनसिल्व्हेनियात स्टॅनली वॉट्रस नावाचे इंजिनिअर अणुवीज प्लांटवर गेले की रेडिएशनचा अलार्म वाजायचा, आणि शोधलं तर ते प्लांटमधून काही आणत नव्हते, घरूनच अंगावर नेत होते, घरात सुमारे २,७०० पिकोक्युरी निघालं!

मला काळजी सासूबाईंच्या सहा महिन्यांपेक्षा तुमच्या नवऱ्याची जास्त वाटते, रोज आठ तास, वर्षानुवर्षं. आणि सासऱ्यांच्या सिगरेटची, कारण आयुष्यभर ४ पिकोक्युरीच्या घरात राहिलेल्या, सिगरेट न ओढणाऱ्या हजार माणसांत सुमारे ७ जणांना फुप्फुसाचा कॅन्सर होतो, ओढणाऱ्या हजारांत सुमारे ६२ जणांना, हा अमेरिकन सरकारचा अंदाज आहे. त्यांना प्लीज सांगाच.

उपाय सोपा आहे, सर्टिफाइड माणसाकडून स्लॅबखालून पाइप आणि पंखा बसवून गॅस छपराच्या वर सोडायचा, नुसत्या भेगा बुजवून भागत नाही. खर्च सेलरकडून मागा. नंतर दारंखिडक्या बंद ठेवून परत टेस्ट करा. पाइपवर रंगीत पाण्याची यू आकाराची नळी लावतात, तिच्या दोन्ही बाजूंची पातळी वरखाली असली की पंखा चालू आहे, सारखी दिसली तर बंद पडलाय, लगेच फोन करा.